पंचविसावी फ्रेम

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप मी स्वतः बघते आणि नवऱ्याने कुलूप लावलंय म्हटलं तरी दोन जिने उतरून ते ओढून पाहते. चंद्रमौळी सरांनी मला कामावर घेतलं ते बहुधा याच गुणासाठी.

मद्रासचं चेन्नई होऊन वर्ष झालं होतं. नवऱ्याची रेल्वेत बदली झाल्यामुळे आम्ही सोलापूरहून पेरांबूरला आलो आणि मला गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या एका छोट्या केंद्रात हंगामी नोकरी लागली. शेजारी नटबोल्टचा कारखाना होता. त्याच्या ठोक्यांनी आमची टेबलं दिवसभर हलकी थरथरत असत. पंचाहत्तर ते त्र्याऐंशी या काळात जहाजावरून काढलेले समुद्राच्या तळाचे फोटो संगणकात घ्यायचे, त्यांची यादी करायची आणि सीडींवर भरून बारा संस्थांना पाठवायचे, एवढं काम. ते बिनचूक झालं तर मार्चमध्ये मला कायम करू, असं सरांनी सांगितलं होतं. बिनचूकपणाच्या दाखल्यावर सही माझी असणार होती.

जुन्या वह्यांतलं अक्षर लावायला राणोजी रावांना बोलावलं होतं. ते निवृत्त होते. तंजावरकडचे मराठी, कपाळावर बारीक गंध, शर्टाच्या खिशात भिंग. बावीस वर्षं समुद्रात कॅमेरा सोडण्याचं काम त्यांच्याच हातून झालेलं. तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या माणसांची मराठी ते बोलत, मध्येच तमिळमध्ये शिरत, आणि माझ्या मराठीला पुण्याची म्हणत. मी सोलापूरची आहे, हे दहादा सांगून झालं होतं.

फोटो कसे निघत, ते त्यांनीच मला समजावलं. पोलादी सांगाड्यात कॅमेऱ्याचं नळकांडं बसवलेलं. सांगाड्याखाली एक वजन लोंबत असे. ते तळाला टेकलं की फ्लॅश उडे आणि खालच्या गाळाचा एक फोटो निघे. तारेने जरा वर ओढायचं, पुन्हा टेकवायचं. एका ठिकाणी असे चोवीस फोटो, कधीच जास्त नाही. तो कॅमेरा अजून मागच्या कोठीत होता.

सीडीच्या वेष्टनाचा नमुना छापून आला त्या दिवशी राणोजी राव बराच वेळ तो हातात धरून बसले होते. खाली बारीक अक्षरात 'छायाचित्रण : राणोजी राव' असं होतं. बावीस वर्षांत त्यांचं नाव कशावरही छापलं गेलं नव्हतं. सकवारबाईंना, म्हणजे बायकोला दाखवायला म्हणून त्यांनी एक वेष्टन मागून घेतलं आणि धोतराला डाग लागू नये तशा काळजीने पिशवीत ठेवलं. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

सीडी सोमवारी रवाना व्हायच्या होत्या आणि आधीच्या शुक्रवारी आली आयुधपूजा. त्या दिवशी इथे लेथपासून ऑटोरिक्षापर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लावतात, पुढे मुरमुरे आणि केळी ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. आपल्याकडेही खंडेनवमीला विळी-कात्री पुजतात, पण म्हणून माझी आई भाजी चिरायची थांबत नसे. राणोजी रावांनी सकाळीच कॅमेरा, स्कॅनर आणि संगणक, सगळ्यांना टिळे लावले होते. मी सीडी भरायच्या यंत्रावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं आणि काम सुरू केलं. एक सीडी भरायला अर्धा तास लागे. बारा सीडी म्हणजे दिवस गेला.

राणोजी राव दारात उभे राहिले.

"अम्मा, आज अस्के आयुधं निजल्यात," ते म्हणाले. अस्के म्हणजे सगळी. "त्यांना उठवूं नका."

मी म्हटलं, सोमवारी सीडी नाही गेल्या तर मला घरी निजावं लागेल. ते हसले नाहीत. सरांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि प्रसादाचे मुरमुरे घेऊन निघून गेले. राणोजी राव मात्र संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते.

नोव्हेंबरच्या शेवटी गोव्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. यादीत चोवीस फोटो असताना एकोणतिसाव्या ठिकाणी पंचवीस आहेत, तर शेवटच्या फोटोचा तपशील कळवावा. मी मूळ यादी उघडली. चोवीसच. दफ्तरी प्रत मी शनिवारी, पूजा उतरल्यावर भरली होती. तिच्यातही चोवीसच. मी त्यांना तो फोटो छापून पाठवायला सांगितलं.

फोटोत करडा गाळ होता, आणि त्यावर थोड्या अंतरावर आमचा कॅमेरा उभा होता.

पोलादी सांगाडा, खालचं टेकलेलं वजन, त्याने उडवलेला गाळाचा ढग, वर अंधारात जाणारी तार. दहाएक पावलांवरून कुणीतरी कॅमेऱ्याचाच फोटो काढला होता. यादीत त्या ठिकाणची खोली होती तीन हजार चारशे मीटर.

मी आधी हसले, मग रागावले. भिंग घेतल्यावर तर प्रश्नच उरला नाही. नळकांड्यावर तीन ठळक टिळे दिसत होते. चंदन आणि त्यावर कुंकू. पाण्यात ते घटकाभर तरी टिकलं असतं का? म्हणजे आयुधपूजेच्या दिवशी, इथेच कुठेतरी, वाळू पसरून हा फोटो काढलेला होता. मी जेवायला उठले तेव्हा तो सीडीत घातला गेला. आणि त्या दिवशी इमारतीत मी सोडून होतं कोण?

डिसेंबरात कोचीहून दुसरं पत्र आलं. वेगळं ठिकाण, तोच कॅमेरा, तेच टिळे. या वेळी फोटो पाचच पावलांवरून काढलेला होता.

मी दोन्ही फोटो सरांच्या टेबलावर ठेवले आणि जे वाटत होतं ते बोलले. माझ्या दाखल्याचा प्रश्न होता. खोटा फोटो असलेल्या संग्रहाला बिनचूक म्हणून सही केलेल्या बाईला कोण कायम करणार? सरांनी राणोजी रावांना आत बोलावलं. ते फोटो बघत राहिले. त्यांचा चेहरा चोराचा नव्हता, पण चोरांचे चेहरे तरी मी किती पाहिलेत, असं मी मनाला सांगितलं.

"हें मी काढलों नाहीं," ते म्हणाले.

सरांनी विचारलं, मग कुणी?

"आमाकडें कॅमेरा एकच होता, सर. दुसरा कधींच नव्हता." मग ते माझ्याकडे वळले. "हा फोटो काढायला दुसरा पाहिजे ना, अम्मा?"

त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. संग्रहाची सुधारलेली आवृत्ती काढायची, ती सगळ्यांना पाठवायची, जुन्या सीडी परत मागवायच्या आणि वेष्टनावरून त्यांचं नाव वगळायचं, असं ठरलं. जाताना त्यांनी खिशातलं भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. केंद्राची वस्तू आहे, म्हणाले. मला वाईट वाटलं, पण काम बिनचूक झाल्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

पोंगलच्या सुट्ट्या संपल्यावर, एकोणीस जानेवारीला, मी सरांच्या सांगण्यावरून कॅमेरा सीलबंद केला. नळकांड्याच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, निळ्या शाईत तारीख घातली आणि सही केली. खाली साक्षीदाराच्या सहीची ओळ होती. सर त्या दिवशी बैठकीला गेले होते, म्हणून ती कोरीच राहिली. कोठीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. कुलूप तीनदा ओढून पाहिलं, हे सांगायला नकोच.

एकवीस तारखेला विशाखापट्टणमच्या एका कॉलेजातून जाड पाकीट आलं.

पत्र सभ्य होतं. एकसष्टाव्या ठिकाणी एक जादा फोटो आहे, छापून सोबत जोडला आहे. त्यातल्या कॅमेऱ्यावरच्या कागदावर पुढची तारीख दिसते, ती चुकून पडली असावी.

पत्रावर तारीख बारा जानेवारी होती. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काही बाराचाच.

फोटो अगदी जवळून काढलेला होता, हातभर अंतरावरून. टिळे, झाकण आणि झाकणावर माझी पट्टी. एकोणीस जानेवारी. माझी सही. तिच्याखाली साक्षीदाराच्या ओळीवर चंद्रमौळी सरांची तमिळ सही.

मी दार लावून घेतलं आणि भिंग घेऊन बसले. ही सीडी ऑक्टोबरात भरलेली. तिच्यात नंतर काही घालता येत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी कुणाला तरी धरायला शोधत होते. राणोजी राव तर पट्टी लावायच्या आधी महिनाभर घरी बसलेले. मग उरले सर. त्यांनी दुसरी किल्ली करून घेतली, सही केली, फोटो काढला आणि हे पाकीटही त्यांनीच बनवलं. असंच असणार. असं नसेल तर मी एका निरपराध म्हाताऱ्याचं नाव पुसलं होतं, आणि तेही त्याला आयुष्यात एकदाच मिळालेलं.

मी फोटो पर्समध्ये घातला आणि सरांना म्हटलं, सील एकदा डोळ्यांखालून घाला.

कोठीत पत्रा तापल्याचा वास होता. कुलूप जसंच्या तसं. कॅमेरा कोरडा, धूळ बसलेला. पूजेचे टिळे वाळून गळून गेले होते, नुसते पिवळट डाग उरले होते. पट्टी शाबूत होती, तिच्यावर माझी दोन दिवसांपूर्वीची निळी सही.

साक्षीदाराची ओळ कोरी होती.

सरांनी काही केलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "राणोजी रावांचं नाव वेष्टनावर परत घालायला हवं. माझी चूक झाली." आणि पर्सची चेन उघडली.

सरांचं लक्ष पट्टीकडे होतं. साक्षीदाराशिवाय सील म्हणजे अर्धवट काम, मॅडम, असं पुटपुटत त्यांनी खिशातलं पेन काढलं.

मी पर्समधला फोटो अर्धा वर ओढला.

त्यांनी हिरव्या शाईत सही केली. मधल्या अक्षरावर शाई अडली. त्यांनी पेन झटकलं आणि ते अक्षर दोनदा गिरवलं. एक बारीक थेंब पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात पडला.

मी पर्समध्ये खाली पाहिलं. फोटोतलं मधलं अक्षर जाड होतं. उजव्या कोपऱ्यात थेंब होता.

"हां, काय म्हणत होता तुम्ही?" सरांनी पेनचं टोपण लावलं. "वेष्टन आज दुपारी छापायला जातंय. नावाचं काय?"

फोटो दाखवला असता तर संशय माझ्यावरच आला असता. त्यावर माझी सही होती, त्यांचीही होती. मार्चला दीड महिना उरला होता.

"काही नाही, सर," मी म्हटलं. "जाऊ दे तसंच."

ते पुढे निघाले. मी पट्टी नीट चिकटली आहे ना म्हणून सवयीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि कुलूप लावायला बाहेर आले.

उजेडात बोटाला हिरवी शाई लागलेली दिसली. तिच्याशेजारी, तितकीच ओली, निळी.