पुढची दोन चाकं फूटपाथवर

जामबागेत त्या संध्याकाळी एक पांढरी गाडी नाक वर करून उभी होती. मागची चाकं रस्त्यावर, पुढची दोन थेट फूटपाथवर. फुलांच्या बाजारातून परतणाऱ्या बायका टोपल्या सावरत तिला वळसा घालून जात होत्या. निशिगंधानं मात्र वळसा घातला नाही. तिनं बॉनेटवर टकटक केलं.

"भाईसाब, गाडी हटाओ. लोगाँ चलेंगे कहाँ से?"

आतल्या तरुणानं शेजारच्या सीटकडे वळून हळूच म्हटलं, "आई, तू बस जरा. एक बाई भांडायला आलीय."

"बाई भांडायला नाही, चालायला आलीय," निशिगंधा मराठीत म्हणाली.

तो इतका दचकला, की कोपर लागून हॉर्नच वाजला. मग उतरून त्यानं आईला हाताला धरून उतरवलं. समोर हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता.

"गुडघ्यामुळे हिला एवढा उंच फूटपाथ चढवत नाही. म्हणून गाडीच चढवली. दोनच मिनटं, मॅडम..."

"दोन मिनिटं सगळेच म्हणतात."

पण हे म्हणेपर्यंत तिचा हात त्या बाईंच्या कोपराखाली गेलाही होता.

निशिगंधा फिजिक्सची पदवीधर. कोठी भागात हिम्मतरावांच्या ऑफिसात कामाला होती. एखादी गाडी ठोकली गेली, की विमा कंपनी हिम्मतरावांना पाठवायची. नुकसान किती, ते कसं झालं, मालक सांगतो ते खरं की खोटं, हे मोजून-पारखून सांगायचं त्यांचं काम; नात्यातल्यांची गाडी मात्र मोजायची नाही, हा नियम. त्या वर्षांत शहरात हप्त्यावर गाड्या घ्यायची लाट आली होती. रस्ते होते तेवढेच राहिले आणि गाड्या फूटपाथवर चढल्या.

घरी, तारनाक्याला जाणाऱ्या बससाठी ती रोज जामबागेतून जायची, आणि आता रोज ती गाडी तिथं असायची.

"आज पुन्हा?"

"आई आत गेलीय ना."

"कालच्यापेक्षा जास्त वर चढवलीय."

"हौ? डोळ्यांनीच मापता तुम्ही?"

"मापायचंच काम आहे माझं."

"आणि हसायचं कुणाकडे दिलंय?"

"फूटपाथ मोकळा झाला की हसेन."

तो खिडकीच्या काचेवर हनुवटी टेकवून ती वळेपर्यंत बघत राहायचा. हे तिला मागे न बघताही कळायचं. इतक्या दिवसांत तिनं त्याचं नाव मात्र विचारलं नाही. ज्याच्याशी भांडायचं, त्याचं नाव कशाला विचारायचं?

दिवाळी झाली. थंडी पडली. आणि एका संध्याकाळी फूटपाथ मोकळा होता.

दुसऱ्या दिवशीही. त्याच्या पुढच्याही.

निशिगंधा सरळ चालत गेली. कुठं थांबावं लागलं नाही, कुणाला बोलावं लागलं नाही. ती मुद्दाम हळू चालली. दवाखान्यापाशी चपलेचा पट्टा नीट केला, नीट असलेला. लांबून पांढरं काही दिसलं, की तिची पावलं भरभर पडायची. मग जवळ गेल्यावर ती दुसरीच कुणाची तरी गाडी निघायची, आणि तिला त्या गाडीचाच राग यायचा. बसमध्ये खिडकीशी बसून ती स्वतःला समजवायची... आईंना बरं वाटलं असेल. चांगलंच आहे की. मग फूटपाथ मोकळा झाला तरी हसू का येत नाही? तिच्याकडे त्याचं होतं काय, तर फक्त गाडीचा नंबर. नंबरावर कुणाला हाक मारता येत नाही.

जानेवारीत हिम्मतराव तिला एका गॅरेजवर घेऊन गेले. तिथं, उजव्या अंगावर लांब ओरखडा घेऊन, ती गाडी उभी होती. तिला टेकून तो.

"हे नागसेन. गाडी वडिलांच्या, किशनरावांच्या नावावर आहे," हिम्मतराव म्हणाले. "कोठीला रस्त्याच्या कडेला उभी होती म्हणतात. बस घासून गेली. तू माप घे, मी मेकॅनिकशी बोलतो."

नागसेन... तिनं मनातल्या मनात ते नाव एकदा म्हणून पाहिलं आणि टेप उलगडला.

ओरखडा मागच्या टोकाला वर होता, पुढच्या टोकाला चार बोटं खाली.

"बस रस्त्याला समांतर जाते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "गाडी सपाट उभी असती, तर ओरखडाही सपाट आला असता. हिचं नाक वर होतं."

"बस उडी मारत होती म्हणा ना."

"खरं सांगा."

त्यानं मान खाली घातली. "फूटपाथवर होती म्हटलं तर क्लेम बुडतो म्हणाले सगळे. बाबांची पहिली गाडी आहे हो."

"फूटपाथवर लावली म्हणून पोलीस दंड करतील. क्लेम बुडेल तो खोटं बोललात म्हणून. कुठं होती?"

"...जामबागेत."

"आईंचा गुडघा पुन्हा दुखतोय?"

"तिचा गुडघा दसऱ्यालाच बरा झाला."

टेप तिच्या हातात सैल पडला. दसरा? दिवाळीनंतरही कितीतरी दिवस तो तिला सांगत होता, आई आत गेलीय म्हणून. आणि आई दवाखान्यातून बाहेर येतात का, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. तिथं पोचल्यावर ती दुसरीकडे बघायचीच कुठं?

"मग इतके दिवस आला का नाहीत?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चालत यायचं होतं..."

"आलो होतो. कोपऱ्यापर्यंत. पण गाडी इथं गॅरेजात. गाडी नाही तर तुम्ही भांडणार कशावरून? आणि भांडला नाहीत तर थांबणार कशाला?" तो हसायला गेला, पण जमलं नाही. "लई परेशान झालो, मॅडम."

ती ओरखड्यावरून बोट फिरवत राहिली.

"निशिगंधा, झालं का?" हिम्मतरावांनी हाक मारली.

नागसेन तिच्याआधी पुढे झाला. "साहेब, मी खोटं सांगितलं. गाडी जामबागेत होती, पुढची दोन चाकं फूटपाथवर. बाबांनाही आज सांगतो."

"तिथं काय काम होतं?"

"काम नव्हतं, साहेब. ह्या जायच्या तिथून."

हिम्मतरावांनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. निशिगंधाचे कान तापले होते. तरीही तिनं टेप नीट गुंडाळला आणि त्यांच्यापुढे धरला.

"सर, ही गाडी मी नाही मोजू शकत. तुम्हीच मोजा."

"का गं? नात्यातले आहेत का तुझ्या?"

तिनं नागसेनकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

"अजून नाही, सर."