वायरीतनं ऐकू आलेलं

बारामतीच्या एसटी स्टँडवर राजनंदिनीच्या कानातून बिनवायरीच्या इअरफोनचं एक बोंडूक निसटलं, ते घरंगळत थेट इंदापूर गाडीच्या चाकाखाली. मोबाईल दुरुस्तीवाल्या अविराजनं गाडीपुढं असे काही हात पसरले, की ड्रायव्हरला वाटलं आरटीओच आला. तरी बोंडकाचा भुगा झालाच.

"बरं झालं," तो म्हणाला. "हवेतनं येणारा आवाज निम्मा वाटंतच सांडतो."

तिला राग आला. त्या रागातच ती त्याच्या दुकानापर्यंत चालत गेली, हे तिला पायरी चढल्यावर कळलं.

पुण्याच्या एका कंपनीला पुस्तकं वाचणारा आवाज हवा होता. निमगाव केतकीहून तिनं पाठवलेले दोन्ही नमुने परत आले होते. मागं घरघर आहे म्हणे. तिसरा, शेवटचा, शुक्रवारी पाचच्या आत जायला हवा. आणि तिला तर घरघर ऐकूच येईना.

अविराजनं तिच्या फोनला करंगळीएवढी डबी जोडली. डॅक म्हणतात तिला, फोनमधला आवाज न चिरडता कानापर्यंत पोचवते. डबीला वायरचा जाड हेडफोन लावून त्यानं तो तिच्या कानांवर बसवला. त्याची बोटं क्षणभर तिच्या बटेत अडकली… दोघांनीही ते न कळल्याचं सोंग केलं. मग त्यानं परत आलेला नमुना लावला.

"ही तर आबांची मोटार," ती पुटपुटली.

घरच्या विहिरीवरची. जन्मल्यापासून तीच कानात. राजनंदिनीला ती शांतताच वाटायची. मोटार बंद ठेवावी तर डाळिंबं सुकणार. तेव्हा दुकानातच वाचायचं ठरलं. बुधवारी ती वायर बघायला आली, गुरुवारी आली ती कशालाच नाही.

शुक्रवारी साडेचारला शटर ओढून ती आत, तो बाहेर पायरीवर, शेजारी पहाऱ्याला चहावाली शकुबाई. दोन मिनिटांचा उतारा तिनं तीनदा अडखळून एकदाचा पुरा केला आणि हेडफोन लावून ऐकायला घेतला. मोटार नव्हती. पण दोन वाक्यांच्या मधल्या थांब्यात, अगदी तळाशी, एक दबका आवाज होता…

"पास झाली तर पुण्याला जाईल, मावशे. मग हितं कशाला येतीय? तरी… पास होऊ दे."

पाचला आठ मिनिटं होती. तिनं शटर वर केलं.

"स्वच्छ आलं न्हवं?" त्यानं विचारलं.

"न्हाय. मागं कुणीतरी बोलतंय. तुमीच ऐका."

त्यानं ऐकलं. कानाच्या पाळ्या पिकल्या मिरचीसारख्या झाल्या. शकुबाईला एकाएकी रिकामं पातेलं उकळायची घाई झाली.

"मी परत वाचतीय," राजनंदिनी म्हणाली. "पर आधी बोलायचं ते तोंडावर बोला. मग गप बसा."

सात मिनिटं. सहा. अविराजनं स्क्रू पिळायचा पेचकस उगाच पुसला.

"पास व्हा," अखेर तो म्हणाला. "पर शनवारी गावाकडं जाताना… आधी हितं उतरत जावा."

"एसटी हितंच बदलावी लागती," ती खाली बघत म्हणाली. "पर मी… बदलावी लागली नसती तरी उतरले असते."

आणि तिनं रेकॉर्डचं बटण दाबलं. दोन मिनिटं अविराजनं श्वास घेतला नाही, असं शकुबाई आजही शपथेवर सांगते. चार अठ्ठावन्नला नमुना गेला.

स्टँडवर इंदापूर गाडीचा पुकारा झाला. तो म्हणाला, "गाडी लागली तुमची."

राजनंदिनीनं स्टूल आणखी आत ओढलं.

"पुढची हाय की," ती म्हणाली.