मेल्यावर नायिकेचं लग्न

"हे तुम्हीच लिहिलंय?"

मी वाचनालयात पुस्तक परत करत होते आणि हा उंच माणूस माझ्या नाकासमोर एक चिठ्ठी नाचवत होता. बोटांना डिंक, बाहीला दोरा! आमच्याकडे प्रत्येक पुस्तकात मागे अभिप्रायाची चिठ्ठी असते. बाकीचे 'छान' लिहून मोकळे होतात. मला नाही बाई जमत.

"हो, मीच. 'नायिका मध्येच मरते आणि पुढच्या पानावर लग्नाच्या खरेदीला निघते. लेखक शुद्धीवर होता ना?' काय चुकलं?"

"लेखकाचं काहीच नाही. बाइंडरनं कडा जास्त कापल्या, पानांचे आकडे गेले... मग पानं अंदाजानं लावली." त्यानं मान खाली घातली. "बाइंडर मीच."

मी इतकी हसले की ग्रंथपाल काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हळू हो! काकूंना कळलं तर माझं इथलं काम गेलंच. पण तुमच्या चिठ्ठीमुळे वर्षभर ते पुस्तक कोणी नेलं नाही. पानं नीट लावायला एक वाचणारं माणूस हवंय... याल?"

गेले. तीन शनिवार गेले. पानं उडतात म्हणून त्याच्या दुकानात पंखा बंद, आणि आम्ही दोघं घामाघूम.

"नायिका आधी रुसली असेल की आधी भेटली असेल?" त्यानं विचारलं.

"भेटल्याशिवाय कशी रुसेल?"

"तुम्ही नाही का, पहिल्याच भेटीत—"

"मी हसले होते!"

"हो... ते लक्षात आहे माझ्या," तो हळूच म्हणाला. माझ्या हातातलं पान उलटं झालं.

तिसऱ्या शनिवारी पुस्तक शिवून झालं. "आता आवडलं?" त्यानं आशेनं विचारलं.

"सुरुवात गोड आहे. मधे रटाळ. शेवटी तिला उगाच मारलंय."

"अरे देवा!"

दोरा ठेवायला मी डबा उघडला, तर आत माझ्याच चिठ्ठ्या! 'साठाव्या पानावर झोप लागली. झोप उत्तम होती.'

"पुस्तक शिवायला आलं की जुन्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या असतात," तो लाजून म्हणाला. "तुमच्या टाकवल्या नाहीत."

नवी चिठ्ठी खरी लिहायची, तर बाइंडरची चूक लिहायला हवी. त्याचं काम जाणार. आयुष्यात पहिल्यांदा मला खरं लिहावंसं वाटेना.

"मी फक्त 'छान' लिहिते," मी म्हणाले.

"मुळीच नाही! तुम्ही खोटं लिहायला लागलात तर मी वाचू काय?"

आणि पठ्ठ्या पुस्तक घेऊन तडक काकूंकडे गेला. सगळं सांगून टाकलं. मी मागे जीव मुठीत धरून उभी.

काकूंनी एकेक पान तपासलं. "गाढवा, यापुढे शिवण्याआधी हिला दाखवत जा," त्या म्हणाल्या. बस्स!

बाहेर पायरीवर त्यानं खिशातून कोरी चिठ्ठी काढली.

"माझ्याबद्दल... खरं काय ते लिहा."

मी गुडघ्यावर ठेवून लिहिलं — 'थोडा विस्कळीत आहे. पण परत करणार नाही.'