मिकाएलच्या कुंडातील पाणी

देब्रे ताबोरच्या वरच्या टेकडीवर संत मिकाएलचे चर्च आहे. त्यामागे दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद असे दगडी कुंड. झऱ्याचे पाणी आत घेऊन झडप बंद करतात. ती झडप मीच बसवली आहे. तांत्रिक विद्यालयात शिकून मी बत्तीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात काढली. निवृत्तीनंतर दर महिन्याच्या बारा तारखेला, मिकाएलच्या दिवशी, पत्नीला पाठुंगळी घेऊन तिथे जात असे. येशिमबेतचे पाय तीन वर्षांपूर्वी गेले होते.

कुंडाच्या आतल्या भिंतीवर मी मोजपट्टी ठोकली.

"इंजिनिअरसाहेब, देवदूतालाही फूटपट्टी लावणार वाटतं?" येशिमबेतने विचारले.

"झडप गळते का पाहतोय."

"गळतंय तुमचं डोकं. मला नीट टेकवा आधी."

झडप गळत नव्हती. मात्र सकाळच्या प्रार्थनेनंतर, कुंडात कोणीही नसताना, पाणी तीन सेंटिमीटर चढे. कोणी आत उतरल्यावर चढते, तसेच. काही मिनिटांनी ते पूर्ववत होई; मगच चर्चचे धर्मगुरू आब्बा तेकेस्ते आजाऱ्यांना आत सोडत.

"चढलेल्या पाण्यात का सोडत नाही?" मी एकदा विचारले.

"तेव्हा मिकाएल आत असतो."

"तोच बरं करतो ना?"

"बरं देव करतो. हा हुकमाचा ताबेदार. कुणाला वाचवायचा हुकूम, कुणाला न्यायचा. आपल्याला दया येते, गेबेयेहू. त्याला फक्त हुकूम येतो."

पाच महिने मी नियम पाळला. पाय हलले नाहीत. सहाव्या महिन्यात आब्बा धूप आणायला वळले, तेव्हा पट्टीवर तीन सेंटिमीटर चढ होता. मी येशिमबेतला उचलले.

"अहो, पाणी उतरलं नाही अजून," ती म्हणाली. "नको."

मी तिला सोडले.

ती पूर्ण बुडाली. मग वर आली, आणि पायऱ्या चढून स्वतःच्या पायांनी माझ्यासमोर उभी राहिली. बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. आब्बा मात्र धूपपात्र हातात धरून नुसते उभे होते.

सवयीने मी पट्टी पाहिली. पाणी थोडे उतरून थांबले होते. कुंडात कोणीच नव्हते. सायंकाळी मी एकटा कुंडावर परत गेलो. चढ अजूनही एकवीस मिलिमीटर.

कुंडाच्या क्षेत्रफळाने गुणले. सत्तेचाळीस लिटर, म्हणजे सत्तेचाळीस किलो.

येशिमबेतचे वजन तेवढेच होते.

मी पाण्यात उतरलो. चारही कोपरे हातांनी चाचपले. काही लागले नाही. तिचे नाव घेत राहिलो.

घरी ताट मांडलेले होते. तिने इंजेराचा, आमच्या आंबवलेल्या भाकरीचा, घास करून माझ्या तोंडात घातला. मीही घास करून तिच्यापुढे धरला. आमच्यात प्रेमाने पुढे केलेला घास कोणी परतवत नाही.

तिने तोंड उघडले नाही.

"तुझं नाव काय?" मी विचारले.

तिने माझे ओले केस पदराने पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता. मायाही नव्हती.

"माझं नाव कशाला विचारतोस?" ती म्हणाली. "जेव. तुला निघायचंय. हुकूम आहे."