वस्ती आढळली नाही

खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी फक्त एक कागद भरायला निघालो होतो. अष्टमी गावाहून बाइक काढली, वाटेत वडापाव खाल्ला अन् दीडच्या सुमारास पेण तालुक्यातल्या डोंगरातल्या सोलर प्लांटवर पोचलो. कंपनीसाठी जमिनीची पाहणी करणं, हेच माझं काम.

चार वर्षांपूर्वी या माळावर कातकऱ्यांची अकरा घरं होती. पहिल्या पाहणीला मी गेलो तो माघ महिना. माघात कातकरी वीटभट्टीवर असतात अन् पाऊस आला की परततात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. दारांना काट्या लावलेल्या, चुली गार. मी बेधडक लिहिलं, 'वस्ती आढळली नाही.'

लोक परतले तेव्हा घरं जमीनदोस्त अन् तारेचं कुंपण उभं. ठमाबाई नावाची म्हातारी रोज फाटकाशी बसायची. "दादा, आमी भट्टीवर गेलतो रं. एकदा परत बघून लिव." मी म्हणायचो, बघू. गेल्या श्रावणात ती रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली वारली.

आता तिच्या सुनेच्या दाव्यावर सुनावणी लागली होती. कंपनीच्या साहेबांना त्यासाठी फेरपाहणीचा कागद हवा होता. माझ्या एका ओळीवर त्या लोकांची जमीन अडकलेली.

पॅनेलच्या रांगांत शिरलो. ऊन असं की पाखरू फिरकत नव्हतं. अन् ओल्या लाकडाचा धूर आला... मागोमाग नाचणीच्या भाकरीचा वास. पॅनेलखालच्या सावलीत कुणीतरी खोकलं. मी वाकून पाहिलं, तर नुसती खडी अन् केबल.

"आलास, दादा?"

आवाज माझ्या गुडघ्यापाशी होता. ठमाबाईचा.

"आज समदी घरातच हायत... भट्टीवर कोन नाय गेला. लिव."

पेन हातातच होतं. पण साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, नोकरी आली, अन् माझी हिंमत गळाली. लिहिलं तेच. 'वस्ती आढळली नाही.' शिव्या घातल्या असत्या तिनं, तर बरं वाटलं असतं. अजून लाज वाटते मला.

"बरं दादा..." ती हळूच म्हणाली. "मंग आमी निगतो."

धूर विरला. मी कागद छातीशी धरून जवळजवळ पळतच फाटक गाठलं. तिथला वॉचमन रितेश नवा, महिन्यापूर्वी लागलेला. तो माझ्या खांद्यावरून मागं बघत होता.

"सुशीलभाऊ, एवढी माणसं? ही म्हातारी म्हणते, तुमच्याकडंच राहायला चाललोय. तुमच्या तर दोनच खोल्या ना?"

मी वळून पाहिलं. रस्त्यावर नुसती खडी तापत होती.

रितेशनं मात्र फाटक सताड उघडलं, चपला सावरत पुढं झाला अन् कुणालातरी हात दिला.