हनुवटीवरच्या टोप्या

"या जगात आपोआप काहीही उघडत नाही, जावईबापू. कुणीतरी उघडतंच!" हौशी गुप्तहेर सासूबाईंनी घोषणा केली, आणि इमारतीचं काचेचं दार त्यांच्यापुढे आपोआप उघडलं.

जावईबापूंनी हसू गिळलं. सासूबाईंच्या तपासात त्यांचं काम पिशवी धरण्याचं होतं, मत देण्याचं नव्हे.

तळमजल्यावर दातांचा दवाखाना. टोप्यांच्या पोस्टरखाली ताटकळलेले पेशंट मोबाइलमध्ये बघून खिदळत होते. दातांच्या दवाखान्यात एवढी मजा? जावईबापूंना नवल वाटलं.

वरच्या मजल्यावर, सासूबाईंना बोलावून घेणारे टोपीवाले मालक तडतडत होते. त्यांच्या वेबसाइटवर 'फोटोवर टोपी घालून पाहा' ही सोय अजून अर्धवट. म्हणून तिला फीचर फ्लॅग लावलेला, म्हणजे आतला एक स्विच. सोय फक्त ऑफिसातल्यांना दिसावी. तरी बाहेरच्या तीन गिऱ्हाइकांनी आपले फोटो तक्रारीसह पाठवले होते. टोपी थेट हनुवटीवर!

"हिनेच स्विच फिरवला," मालकांनी प्रोग्रामर मुलीकडे बोट दाखवलं. "आज संध्याकाळी हिला नारळ!"

"सर, मी फिरवला असता तर साऱ्या जगाला दिसलं असतं."

"ऑफिसातला माणूस तुझा स्विच ओळखतो कसा गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑफिसच्या इंटरनेटवरून. जो ते वापरतो, तो आपला."

मग मालकांचा मेहुणा पुढे आला. सोय तपासून बघण्याचं काम त्याचं. "मी निर्दोष आहे. मी अजून ती उघडलेलीच नाही!"

"मग महिनाभर करतोस काय रे?" मालक कडाडले.

"तपासणार आहे."

जावईबापूंनी फोटो न्याहाळले. "फार रागावलेत बिचारे. तिघांचाही एकेक गाल टम्म फुगलाय."

"जावईबापू, रागात माणूस दोन्ही गाल फुगवतो." सासूबाई वळल्या. "मालक, हसा बघू."

मालक नाइलाजाने हसले. नवाकोरा दात लखलखला.

"संपलं! स्विच चोख आहे. पण तुम्ही घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याला दिलीत. खालच्या डॉक्टरांनी तुमचा दात बसवला, तुमचं पोस्टर लावलं, तुम्ही त्यांना वाय-फायचा पासवर्ड दिलात. दाढ सुजलेले पेशंट पोस्टर बघून त्याच वाय-फायवरून साइटवर गेले, आणि स्विचला वाटलं, स्टाफच आला!"

"तोंडात ड्रिल असताना नाही कसं म्हणणार हो?" मालक पुटपुटले.

मेहुणा सगळ्यात आधी हसला. मग खोलीच हसू लागली. मालकांचे डोळे पाणावले. "चुकलो, पोरी. तुझी नोकरी कुठे जात नाही. बोल, काय हवं ते माग!"

"सर, जरा बाजूला होता? चार्जरच्या वायरवर उभे आहात."