दम धरा

"मेरे को दम लगता है, डॉक्टरसाब," भाऊराव म्हणाले.

"कब से?"

"बरसात से. सीढ़ी चढ़ते बखत लगता है. सुबह जास्ती."

मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुबह-सुबह? पहले दम लगाना बंद करो, फिर दवा लगेगी."

भाऊरावांना कळलं नाही, पण सोबत आलेल्या त्यांच्या मुलीला, विनताला, कळलं. मराठीत दम लागतो म्हणजे धाप लागते. हिंदीत दम लावणं म्हणजे चिलीम ओढणं. ती काही बोलणार, तोच कोपऱ्यात सुई उकळत बसलेला तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, मराठी लोग हैं. साँस फूलती है, ऐसा कह रहे हैं."

"तुमसे पूछा?"

तो पुन्हा सुईच्या भांड्याकडे वळला. खोकल्याचं औषध लिहून झालं, पुढचा रोगी आत आला.

जिन्यावर भाऊरावांना अर्थ समजला आणि ते थांबले... थांबावंच लागलं. कठड्याला धरून श्वास जमवत म्हणाले, "गंजेडी म्हटलं मला त्यानं. जन्मात सुपारी नाही खाल्ली मी."

मागून पावलं वाजली. तोच तरुण होता, हातात भाऊरावांचा मफलर. "काका, हा राहिला." मग विनताकडे वळून जरा चाचरत, "मी श्रीकांत. संध्याकाळी इथल्याच गोरखपुर मोहल्ल्यात माझी खोली उघडी असते. पाटी लहान आहे, गर्दी अजिबात नाही."

"गर्दी नसलेल्या डॉक्टरकडे काहून जायचं?" विनताने विचारलं.

"बोलायला वेळ असतो," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

दीक्षितपुऱ्यातल्या शेजारणीचं, राधाबाईंचं, मत वेगळं होतं. "मोठ्या डॉक्टरकडे रांग लागते, ती उगीच का? धाप म्हणजे दमाच असतो, बाई."

विनताला आई नव्हती. बाबा आता आडवे झोपत नव्हते. गाद्यांची चळत पाठीशी घेऊन, खिडकीच्या काळा कागद चिकटवलेल्या काचेकडे तोंड करून बसत. लढाई सुरू झाली होती, तोफांच्या कारखान्यात ओव्हरटाइम होता आणि सोमवारी त्यांना कामावर परतायचं होतं. चुकीच्या दारात गेलो तर दुसऱ्या दारापर्यंत चालण्याइतका श्वास उरेल का, एवढाच तिचा प्रश्न होता. तरी गोरखपुरला जाताना तिने हिरवी साडी नेसली आणि स्वतःवरच चिडली.

श्रीकांतने भाऊरावांची छाती पुढून, मागून ऐकली. मग पुन्हा मागून. त्याच्या कपाळावर आठी आली.

"काका, कारखान्यात काय काम करता?"

भाऊराव ताठ झाले. "ते नाही सांगता येत. जागोजागी लिहून लावलंय, कामाबद्दल कोणाशी बोलू नका."

"बाबा, हे डॉक्टर आहेत."

"शत्रूचे डॉक्टर नसतात काय?"

श्रीकांत हसला नाही. विनताला तो तिथे आवडला... खरं म्हणजे जिन्यावरच आवडला होता. खुर्ची जवळ ओढून तो म्हणाला, "तोफ नका सांगू. काय बनतं, किती बनतं, काही नका सांगू. फक्त धूळ सांगा. नाकात कसली जाते?"

भाऊरावांनी आधी दाराबाहेर कोणी नाही ना, ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाळूची. झोत मारून लोखंड साफ करतो आम्ही. रुमाल बांधतो ना तोंडाला."

"किती वर्षं?"

"ही जन्मली नव्हती तेव्हापासून."

श्रीकांतने नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. भाऊरावांना पाणी देऊन तो विनताला दाराशी घेऊन आला.

"हा नुसता दमा नाही वाटत. क्षयही असू शकतो, किंवा वाळूच छातीत बसली असेल. छातीचा एक्स-रे फोटो काढल्याशिवाय कोणी सांगू नये. सरकारी इस्पितळात इंदिराबाई म्हणून छातीच्या डॉक्टर आहेत. उद्याच न्या. आणि सोमवारी कामावर नाही."

"औषध तुम्ही द्या ना. बाबा तुमच्याशी बोलले. दुसऱ्या कोणाशी नाही बोलणार."

"मी नाही देणार."

"मोठ्या डॉक्टरांना भिता?"

"भितो थोडा." तो उंबऱ्याकडे पाहत होता. "पण कारण ते नाही. मी हो म्हटलं तर तुम्ही दर आठवड्याला याल. सकाळपासून मी तेवढ्याचीच वाट बघून राहिलोय, विनताजी. छाती ऐकताना अर्धं लक्ष हिरव्या साडीकडे होतं... म्हणून दोनदा ऐकावी लागली. अशा माणसाच्या हातात तुमचे बाबा देऊ नका."

विनताला राग यायला हवा होता. आला तो हुंदका. पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "मग माझं उत्तर कधी हवंय?"

"आत्ता."

"दम धरा," ती म्हणाली. "आधी बाबांचा श्वास."

इंदिराबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि वाळूच निघाली. गेलेला श्वास परत येत नाही, आहे तो जपायचा, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. भाऊरावांना त्यांच्या चिठ्ठीवर धुळीतून काढून कोठारात बसवलं. तिकडे सीमेवर लढाई थांबली. गाद्यांची चळत एकेक गादीने कमी झाली, पण पुरती मोडली नाही. ती मोडणार नाही, हे बाप आणि लेक दोघांनाही ठाऊक होतं.

श्रीकांत दर रविवारी येत होता. रोगी आपला नाही, तेव्हा नळी आणत नसे. खव्याची जलेबी आणायचा आणि विनताकडे न बघण्याचा प्रयत्न करायचा.

एका रविवारी भाऊराव खाली गेले आणि जिना चढून आले. मधे दोनदा टेकले, वर आल्यावर बोलायला थोडा वेळ लागला. दोघं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती.

"काय ग," ते म्हणाले, "याला दम धरायला सांगितलंस म्हणे?"

विनताने श्रीकांतकडे डोळे वटारून पाहिलं.

"माझा धरून झाला, बाई. जेवढा धरता येतो तेवढा." त्यांनी जलेबीचा पुडा तिच्या हातात दिला. "आता या बिचाऱ्याला त्याचा सोडू दे."

विनताने पुडा उघडला, आणि पहिली जलेबी श्रीकांतपुढे धरली.